गोळेश्वरचा मल्ल : खाशाबा जाधव

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी ग्रंथात सरफोजी महाराजांवर लेख असावा, सरस्वती महालातील पोथ्यांवर असावा, बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ साली कोरून पूर्ण झालेल्या भोसले वंशाच्या मराठी इतिहासावर असावा, ही वाचकांची अपेक्षा स्वाभाविक होय. त्या मांदियाळीत सातारा जिल्ह्यातील एका पहिलवानाचे चरित्र कोठून आले, असा प्रश्न काही ज्येष्ठ सभासदांच्या मनात उभा राहील. त्याचे उत्तर आम्ही प्रारंभीच देऊन टाकतो.

तमिळ भूमीला मल्लविद्या परकी नाही. पल्लवराजा नरसिंहवर्मा याने महामल्ल ही पदवी मिरविली आणि त्या पदवीवरूनच समुद्रकाठच्या मामल्लपुरमला नाव मिळाले. याच महामल्लाने चालुक्यांच्या दुसऱ्या पुलकेशीला पाणी पाजले, हे मराठी माणसाने थोडे हळू आवाजात सांगावे हे बरे! परंतु आम्हाला खाशाबांकडे नेणारे कारण याहून जवळचे आहे. राजाश्रय संपला म्हणजे गुणी माणसाचे काय होते, हे तंजावरइतके कोणत्या गावाला ठाऊक असेल? १८५५ साली शिवाजी महाराज पुत्रावाचून निवर्तले, कंपनी सरकारने राज्य खालसा केले, आणि ज्या दरबारात गायक, नर्तक, शास्त्री आणि वैद्य यांना मानाचे पान वाढले जात होते तो दरबारच उरला नाही. कलावंतांना म्हैसूर, त्रावणकोर अशा दूरच्या संस्थानांकडे आशेने पाहावे लागले. खाशाबा जाधवांच्या बाबतीत तसेच काहीसे सुमारे शंभर वर्षांनंतर कोल्हापुरात घडले. त्या वेळी एक संस्थान गेले, त्याच्या जागी येणारी व्यवस्था अजून आली नव्हती, आणि त्या मधल्या पोकळीत पंचविशीतला एक विद्यार्थी ऑलिंपिकला जाण्याची तयारी करीत उभा होता.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कऱ्हाड तालुक्यातील गोळेश्वर या खेड्यात झाला. कऱ्हाड म्हणजे कृष्णा-कोयनेच्या संगमाचे गाव; गोळेश्वर तेथून हाकेच्या अंतरावर. वडील दादासाहेब हे स्वतः नावाजलेले मल्ल होते. त्यांच्या पाच पुत्रांमध्ये खाशाबा सर्वांत धाकटे. शेतकऱ्याच्या घरी जन्मलेल्या धाकट्या मुलाला वारशात जमिनीचा तुकडा किती येणार? खाशाबांच्या वाट्याला तालमीतली माती आली. बालवयापासूनच ते आखाड्यात उतरू लागले आणि पंचक्रोशीतील जत्रांच्या फडांत लहान गटाच्या कुस्त्या मारू लागले. प्रारंभीचे वस्ताद वडीलच. पुढे बाबुराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी यांनी त्यांना घडविले.

या तालमीच्या शिक्षणाबद्दल दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. कारण आमच्या मंडळातील तरुण पिढीने कुस्ती पाहिली असेल ती दूरदर्शन संचावर, निळ्या-पिवळ्या गादीवर. मातीची कुस्ती निराळी. आखाड्याची तांबडी माती चाळून घेतात, तीत तेल, ताक, हळद आणि लिंबाचा रस मिसळतात. पहाटे उठून जोर-बैठका काढावयाच्या, माती उकरावयाची, मग जोडीदाराबरोबर लढत करावयाची, अंगावर माती चोळून घाम जिरवावयाचा, असा क्रम वर्षानुवर्षे चालतो. कुस्तीचा निकाल म्हणजे प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला लावणे. जो आकाशाकडे तोंड करून पडला तो हरला. येथे कोणी कागदावर गुण मांडीत नाही. पाठीला माती लागली की नाही हे फडाभोवती बसलेल्या हजारो डोळ्यांना एकाच क्षणी दिसते. आणि निकाल लागलाच नाही तर कुस्ती बरोबरीत सोडवितात.

अशा कुस्तीत बुटक्या, हलक्या अंगाच्या मल्लाला पहिली विद्या शिकावी लागते ती बचावाची. वजनाने भारी असलेला गडी खाली दाबू लागला की मान कशी ताठ ठेवावी, पालथे पडून जमीन कशी धरावी, पाठ उलटू लागताच अंगाचा पूल कसा करावा, दम कोठे राखावा आणि समोरचा धापा टाकू लागताच कोणत्या क्षणी निसटून वर यावे, हे सारे त्याच्या अंगवळणी पडावे लागते. खाशाबांची उंची बेताची, वजन त्याहून बेताचे. पुढे परदेशातही त्यांच्या चपळाईचे कौतुक झाले आणि मायदेशी पॉकेट डायनॅमो हे इंग्रजी विशेषण त्यांना कायमचे चिकटले. त्यांचा हुकमी डाव ढाक हा होता. प्रतिस्पर्ध्याची मान बगलेत घट्ट धरून त्याला कमरेवरून भिरकावून द्यावयाचे असा हा डाव आहे. तो मारण्यासाठी समोरच्याला आधी जवळ येऊ द्यावे लागते. जो बचावात पक्का नाही त्याने ढाकेच्या वाटेला जाऊ नये, असे जाणते वस्ताद सांगतात.

त्यांचे माध्यमिक शिक्षण कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात झाले. हीच यशवंतराव चव्हाणांची शाळा, आणि पुढे दोघांचे महाविद्यालयही एकच निघाले, ही एक मौजेची गोष्ट. १९४२ च्या चळवळीत सातारा जिल्हा पेटून उठला होता. शाळकरी खाशाबांनी भूमिगतांना आसरा मिळवून देणे, पत्रके पोहोचविणे अशी कामे केली. त्या काळी त्या जिल्ह्यात तरुणाने एवढे तरी करणे हे जवळजवळ गृहीतच होते.

यानंतर खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. माधव जूलियन आणि ना. सी. फडके यांच्यासारख्या साहित्यिकांनी ज्या वर्गांतून शिकविले तेच हे महाविद्यालय. शाहू छत्रपतींनी कुस्तीला दिलेला आश्रय तर सर्वश्रुत आहे. १९१२ साली त्यांनी बांधविलेले खासबाग मैदान ही त्या आश्रयाची दगडी साक्ष. पंजाबापासूनचे मल्ल कोल्हापुरात येऊन राहिले, तालमी उभ्या राहिल्या, आणि कुस्तीगीर होणे हे त्या नगरीत प्रतिष्ठेचे मानले जाऊ लागले. अशा गावी आलेल्या खाशाबांना महाविद्यालयाच्या वार्षिक क्रीडास्पर्धेत मात्र प्रथम प्रवेशच नाकारला गेला, अशी हकिगत सांगतात. एवढासा हा मुलगा धिप्पाड गड्यांसमोर काय टिकणार, असे क्रीडाशिक्षकांना वाटले. खाशाबा थेट प्राचार्य खर्डेकरांकडे गेले. प्राचार्यांनी परवानगी दिली, आणि एकामागून एक थोराड प्रतिस्पर्धी पाठीवर पडलेले महाविद्यालयाने पाहिले. विद्यार्थी आणि प्राचार्य यांची ही पहिली गाठ पुढे किती मोलाची ठरणार होती हे त्या दिवशी दोघांनाही ठाऊक असणे शक्य नव्हते.

१९४८ च्या उन्हाळ्यात लंडनला ऑलिंपिक सामने भरले. स्वतंत्र भारताचे हे पहिलेच ऑलिंपिक. खाशाबांची निवड ५२ किलो वजनाच्या फ्लायवेट गटात झाली आणि प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. इथवर सारे जुन्या रीतीप्रमाणे झाले : राज्यातला गुणी मल्ल बाहेर निघाला, राजाने खजिन्यातून त्याची सोय केली.

लंडनला मात्र खाशाबांपुढे एक अगदी नवे जग उभे राहिले. माती नव्हती, गादी होती. पाठ टेकविल्यावाचूनही कुस्ती जिंकता वा हरता येत होती, कारण पंच बसून गुण मोजीत होते. आंतरराष्ट्रीय नियमांचा त्यांना पूर्वी पुरता परिचय नव्हता. रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन प्रशिक्षकाने तेथे त्यांना या नव्या पद्धतीचे धडे दिले. त्या तुटपुंज्या तयारीवर खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला आणि अमेरिकेच्या बिली जर्निगनला हरविले. इराणच्या मन्सूर रईसीने त्यांना रोखले. अखेर त्यांचा क्रमांक सहावा लागला. मातीतून उठून प्रथमच गादीवर पाय ठेवणाऱ्या विद्यार्थ्याचा जगात सहावा क्रमांक येणे ही सामान्य गोष्ट नव्हे. खाशाबांना स्वतःला त्यात समाधान नव्हते. परत आल्यावर त्यांनी पुढच्या चार वर्षांची आखणी केली, व्यायाम वाढविला, वजन वाढवून ५७ किलोच्या बँटमवेट गटात जाण्याचे ठरविले.

या चार वर्षांत कोल्हापुरात काय घडले? १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. देशाच्या दृष्टीने ही गोष्ट योग्यच होती आणि तिच्याविरुद्ध ब्रही काढण्याचा आमचा हेतू नाही. परंतु विलीनीकरणाच्या करारांत तालमींची, खुराकांची आणि मल्लांच्या वेतनांची कलमे कोणी लिहीत नसतो. दरबार गेला. लोकशाही राज्याचे क्रीडाखाते, शिष्यवृत्त्या, सराव शिबिरे या साऱ्या गोष्टी अद्याप भविष्याच्या उदरात होत्या. अमेरिकेसारख्या देशात विद्यापीठे आपल्या खेळाडूंचा सारा भार उचलतात. तिकडच्या फुटबॉल संघात केवळ प्रतिपक्षाला अडविण्याचे काम करणारा, ज्याच्या नावावर कधी एक गुणही लागत नाही असा बचावफळीतला गडीसुद्धा शिष्यवृत्ती, प्रशिक्षक आणि वैद्य यांच्या आधाराने शिकतो आणि खेळतो. राजाराम महाविद्यालयाकडे असे काही नव्हते. त्याच्याकडे एक प्राचार्य होता.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठीची पहिली अडचण पैशांची नव्हती, आणि ती आमच्या याच प्रांतात उभी राहिली. मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईत, राष्ट्रीय कुस्ती स्पर्धा झाल्या. तेथे खाशाबांना विजेत्यापेक्षा एक गुण कमी मिळाला आणि ऑलिंपिकच्या निवडीतून ते बाहेर पडले. हा गुण जाणूनबुजून कमी दिला गेला, असे खाशाबांचे म्हणणे होते. पंचांच्या मनातले आम्हाला कळणार नाही. मात्र जन्मभर ज्याने हारजीत पाठीवरच्या मातीने मोजली, त्याचे भवितव्य कागदावरच्या एका आकड्याने ठरावे, यातली टोचणी कोणालाही समजेल. दुसरा एखादा गावी परतला असता. खाशाबांनी भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष असलेल्या पतियाळाच्या महाराजांकडे न्याय मागितला. महाराज यादवेंद्रसिंग हे स्वतः खेळाडू आणि खेळाचे जाणकार होते. त्यांनी पुन्हा चाचणी घेण्याची व्यवस्था केली. त्या चाचणीत खाशाबांनी गुणांचा प्रश्नच उरू दिला नाही. प्रतिस्पर्ध्याला आडवे करून त्यांनी हेलसिंकीची वाट मोकळी केली.

आता पैशांचा प्रश्न. निवड झाली तरी खर्च ज्याचा त्याने करावयाचा, अशी तेव्हाची स्थिती होती. खाशाबा आणि त्यांचे आप्त गोळेश्वरच्या परिसरात दारोदार फिरले. शेतकऱ्यांनी, दुकानदारांनी यथाशक्ति वर्गणी दिली. राज्य शासनाकडे चार हजार रुपयांची मागणी केली असता सामने संपल्यावर येऊन भेटावे, असे उत्तर मिळाले म्हणतात. सामने संपल्यावर जाण्याच्या खर्चाची गरज कोणाला असते, हे त्या उत्तरदात्याच्या ध्यानात आले नसावे. अखेर प्राचार्य खर्डेकरांनी कोल्हापुरातील आपले राहते घर बँकेकडे गहाण टाकले आणि सात हजार रुपये उभे केले.

या ठिकाणी आम्हास क्षणभर थांबावेसे वाटते. सात हजार रुपये ही १९५२ साली लहानसहान रक्कम नव्हती. घर गहाण टाकणारा मनुष्य संस्थानिक नव्हता, सावकारही नव्हता; पगारावर जगणारा शिक्षक होता. विद्यार्थी जिंकून येईलच अशी कोणती खात्री त्याला होती? भारताच्या एकाही मल्लाने तोवर ऑलिंपिकचे पदक पाहिले नव्हते. समजा, पहिल्याच फेरीत खाशाबा हरून परतले असते, तर बँकेचा हप्ता काही माफ होणार नव्हता. तंजावरच्या भोसल्यांनी कलावंतांना इनामे दिली ती मोठीच गोष्ट. पण इनाम देणाऱ्याचा वाडा त्यामुळे जात नसे. खर्डेकरांनी जे दिले ते त्यांच्या डोक्यावरचे छप्पर होते. मराठी शिक्षकांच्या त्यागाच्या कथा आपण पुष्कळ ऐकतो. त्यांपैकी अनेकींवर भक्तीची पुटे चढलेली असतात. या कथेला मात्र बँकेच्या कर्जाचा आधार आहे.

हेलसिंकीला कोल्हापूरचे दोन मल्ल होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. दुसरे केशव माणगावे. ते ६२ किलो गटात लढले आणि चौथे आले. पदकाच्या एक पायरी खाली थांबलेल्या माणसाचे नाव इतिहास किती लवकर विसरतो याचे हे उदाहरण म्हणून आम्ही येथे मुद्दाम नोंदवून ठेवीत आहोत.

खाशाबांनी कॅनडाच्या अ‍ॅड्रियन पोलिक्विनला चीत केले, मेक्सिकोच्या लिओनार्दो बासुर्तोला चीत केले, आणि जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झविरुद्ध पंचांचा कौल मिळविला. आता पदक आवाक्यात आले होते. उरले होते दोघे : जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचा रशीद मम्मदबेयोव. या दोन कुस्त्यांमध्ये नियमाप्रमाणे किमान अर्ध्या तासाची विश्रांती मिळावयास हवी होती. ती मिळाली नाही. खाशाबांना लगोलग पुन्हा गादीवर बोलाविण्यात आले. हरकत घेण्यासाठी पथकाचा अधिकारी जवळ असावा लागतो. तो तेथे नव्हता. खाशाबांना स्वतःला त्या परक्या भाषेत पंचांशी वाद घालता येणे कठीण होते. दीर्घ लढतीने शरीर पिळून निघालेले असताना ते पुन्हा उभे राहिले. दोन्ही कुस्त्या त्यांनी गुणांवर गमावल्या. पाठ मात्र दोघांपैकी एकालाही टेकविता आली नाही. इशीला सुवर्ण, मम्मदबेयोवला रौप्य आणि खाशाबांना कांस्य. तो दिवस होता २३ जुलै १९५२.

स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. याआधी १९०० साली पॅरिसला नॉर्मन प्रिचर्डने धावण्याच्या शर्यतींत दोन रौप्यपदके मिळविली होती; परंतु तो काळ आणि तो खेळाडू दोन्ही निराळे. खाशाबांच्या पदकाच्या दुसऱ्याच दिवशी भारतीय हॉकी संघाने हॉलंडचा सहा विरुद्ध एक असा पराभव करून सुवर्णपदक जिंकले. बलबीरसिंगांनी एकट्यांनी पाच गोल केले. देश त्या आनंदात बुडून गेला, आणि त्यात अयोग्य असे काही नव्हते. कांस्यपदकाला वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात जागा मिळाली असेल तर मिळाली. आम्ही हॉकीचेही चाहते आहोत. तरीही असे वाटते की, त्या दिवशी पथकातील एखाद्या अधिकाऱ्याने अर्धा तास कुस्तीच्या मंडपात काढला असता, तर हॉकीचे एकही सुवर्ण कमी झाले नसते.

दिल्लीने काय केले वा केले नाही, त्याची भरपाई कऱ्हाडने केली. खाशाबा गाडीतून उतरले तेव्हा त्यांच्या स्वागताला एकशे एक्कावन्न बैलगाड्या सजून आल्या होत्या. ढोल, लेझीम, गुलाल, फटाके! पंधरा मिनिटांचा रस्ता तोडावयास मिरवणुकीला सात तास लागले. सातारा जिल्ह्यातील शेतकरी आपल्या बैलांना सजवितो तो बेंदराच्या दिवशी. पदक म्हणजे काय, ते कोणत्या धातूचे, हेलसिंकी कोणत्या दिशेला, हे त्या गाडीवानांपैकी किती जणांना ठाऊक होते कोण जाणे. पाव्हण्यारावळ्यांत सांगावे असे काही आपल्या गावच्या पोराने केले आहे, एवढे त्यांना पुरेसे होते.

मिरवणूक संपली. खाशाबांना विसर पडला नव्हता तो गहाण पडलेल्या घराचा. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरविले, स्वतः त्यात उतरले, कुस्त्या मारल्या, आणि जमलेली रक्कम प्राचार्यांच्या हवाली करून ते घर सोडविले. ऑलिंपिकचे पदक गळ्यात असलेला मल्ल पुन्हा लांग कसून तांबड्या मातीत उतरला तो कर्ज फेडण्यासाठी. खाशाबांच्या साऱ्या कुस्त्यांपैकी एखादी प्रत्यक्ष पाहावयास मिळावी असा वर आम्हाला कोणी दिला, तर आम्ही हेलसिंकी मागणार नाही. त्या मैदानातल्या कुस्त्या मागू.

येथून पुढचे चरित्र थोडक्यात सांगण्यासारखे आहे, आणि ते तसे असावे हेच दुःख आहे. १९५५ साली खाशाबा पोलीस दलात उपनिरीक्षक झाले. १९५६ च्या मेलबोर्न ऑलिंपिकची आशा गुडघ्याच्या दुखापतीने मावळली. पोलीस दलाच्या स्पर्धा त्यांनी जिंकल्या, तरुणांना शिकविले, आणि सत्तावीस वर्षे नोकरी केली. देशाला पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारा मनुष्य रोज गणवेश चढवून हजेरी लावीत होता, आणि त्याच्या समोरून जाणाऱ्यांना त्याचे नाव ठाऊक नसे. १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडासामन्यांच्या वेळी मशालयात्रेत त्यांना सामील करून घेण्यात आले, एवढी एक आठवण शासनाला झाली. १९८३ साली सहायक पोलीस आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले. त्यानंतर निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले. मद्रासचा एक गुण, हेलसिंकीचा अर्धा तास आणि आता हे वेतन! ज्या ज्या ठिकाणी हिशेब दुसऱ्याच्या हाती होता, त्या त्या ठिकाणी खाशाबांना हक्काचे मागावे लागले.

१४ ऑगस्ट १९८४ रोजी वाहनाच्या अपघातात त्यांचा अंत झाला. वय अठ्ठावन्न. लॉस एंजेलिसचे ऑलिंपिक सामने संपून तेव्हा दोनच दिवस झाले होते, आणि भारतीय पथक तेथून एकही पदक न घेता परत येत होते.

मरणोत्तर सन्मान यथाक्रम आले. महाराष्ट्र शासनाने छत्रपती पुरस्कार दिला. केंद्र शासनाने २००० सालचा अर्जुन पुरस्कार दिला. तोवर पदकाला अठ्ठेचाळीस वर्षे लोटली होती. दिल्लीतील इंदिरा गांधी क्रीडासंकुलातील कुस्तीच्या सभागृहाला २०१० च्या राष्ट्रकुल सामन्यांच्या सुमारास त्यांचे नाव देण्यात आले. पद्म पुरस्कार त्यांना हयातीत मिळाला नाही. गोळेश्वरला त्यांच्या नावाने कुस्ती प्रबोधिनी उभारण्याचे आश्वासन शासनाकडून मिळाले होते; ते वर्षानुवर्षे रेंगाळले, तेव्हा २०१७ साली कुटुंबीयांनी हेलसिंकीचे पदकच लिलावात काढून त्या पैशांतून प्रबोधिनी उभारू, असे जाहीर केले. खर्डेकरांनी घर गहाण टाकले त्याला तेव्हा पासष्ट वर्षे झाली होती.

खाशाबांच्या नंतर वैयक्तिक पदकासाठी भारताला १९९६ पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षी अटलांटा येथे लिअँडर पेसने टेनिसमध्ये कांस्यपदक जिंकले. कुस्तीतले दुसरे पदक सुशीलकुमारने आणले ते २००८ साली, म्हणजे छप्पन्न वर्षांनी. महाराष्ट्राचा विचार केला तर ही प्रतीक्षा याहूनही लांबली. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्याच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे याने पन्नास मीटर रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळविले, आणि मराठी वृत्तपत्रांना बहात्तर वर्षांनी त्याच्या नावाशेजारी खाशाबांचे नाव छापावे लागले. स्वप्नील मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. पदक मिळताच रेल्वेने त्याला बढती जाहीर केली.